वर्राकांचा बाजार : बगदादपासून आपल्या गावापर्यंत

आपल्या रोजच्या मराठी बोलण्यातील कितीतरी शब्द स्वतःबरोबर एक इतिहास घेऊन आले आहेत. कागद, दौत, शाई, कलम, दप्तर, इतकेच काय, रद्दीसुद्धा. हे सारे शब्द फारसी-अरबीतून मराठीत आले आणि येथे असे रुळले की ते कधीकाळी पाहुणे होते याची आठवणही कोणास राहिली नाही. मिठाईवर चांदीचा जो पातळ पापुद्रा लावतात त्यास आपण वर्ख म्हणतो. तो मूळचा अरबी 'वरक' होय. वरक म्हणजे पान. झाडाचेही आणि पुस्तकाचेही. याच शब्दापासून 'वर्राक' हा शब्द झाला. वर्राक म्हणजे कागद विकणारा, ग्रंथाच्या नकला करणारा, त्या बांधणारा आणि विकणारा मनुष्य. आजच्या भाषेत सांगावयाचे तर कागदवाला, छापखानेवाला, बाइंडर आणि पुस्तकविक्रेता हे चौघेही एकाच गादीवर बसलेले.

या वर्राकांची हकीकत विद्यार्थ्यांना व त्यांच्या पालकांना सांगावी असे बरेच दिवस मनात होते. आज ती लिहावयास बसलो त्याला एक निमित्त घडले आहे. ते निमित्त शेवटी सांगेन.

इ. स. ७६२ मध्ये अब्बासी खलिफा अल्-मन्सूर याने तैग्रिस नदीच्या काठी बगदाद शहराची पायाभरणी केली. त्याच्या अकरा वर्षे आधी, इ. स. ७५१ मध्ये, मध्य आशियात तलास नदीकाठी अरब व चिनी फौजांची लढाई झाली होती. या लढाईत पकडलेल्या चिनी कैद्यांकडून कागद बनविण्याची विद्या समरकंदला मिळाली, अशी परंपरागत कथा आहे. कथेचा भाग सोडला तरी एवढे खरे की, आठव्या शतकाच्या अखेरीस, हारून अल्-रशीदच्या काळात, बगदादमध्ये कागदाचे कारखाने सुरू झाले. कातड्याच्या मानाने कागद स्वस्त पडे आणि त्याचा साठाही करता येई. कागद स्वस्त झाला म्हणून ग्रंथ वाढले, आणि ग्रंथ वाढले म्हणून ते विकणाऱ्यांचा एक बाजारच उभा राहिला. त्यास 'सूक अल्-वर्राकीन' म्हणत. नवव्या शतकात होऊन गेलेला भूगोलकार अल्-याकूबी याने या बाजारात वर्राकांची शंभराहून अधिक दुकाने असल्याची नोंद केली आहे. त्या काळी युरोपातील ग्रंथ बहुतांशी मठांमधून कातड्यावर लिहिले जात होते, हे लक्षात घेतले म्हणजे या शंभर दुकानांचे महत्त्व ध्यानात येईल.

त्या दुकानांचा व्यवहार कसा चाले तेही पाहण्याजोगे आहे. ग्रंथकार मशिदीत बसून आपला ग्रंथ तोंडी सांगत असे आणि वर्राक तो उतरवून घेत. मग ती प्रत ग्रंथकारास वाचून दाखवावयाची, चुका दुरुस्त करावयाच्या आणि त्याची परवानगी मिळाली की नकला करून विकावयाच्या, अशी रीत होती. विख्यात व्याकरणकार अल्-फर्रा (मृत्यू इ. स. ८२२) याची एक आख्यायिका सांगतात. त्याने सांगितलेला एक ग्रंथ वर्राकांनी उतरवून घेतला आणि नंतर दाबून ठेवला. पाच पानांना एक दिरहम मिळाल्याखेरीज आम्ही नक्कल देणार नाही, असे ते लोकांना सांगू लागले. फर्राने त्यांची समजूत घातली, पण ते ऐकेनात. तेव्हा याहून विस्तृत असा दुसरा ग्रंथ सर्वांसमक्ष सांगण्यास त्याने आरंभ केला. वर्राक धावत आले आणि दहा पानांना एक दिरहम या दरावर राजी झाले. तात्पर्य, पुस्तकविक्रेते म्हणजे कोणी फरिश्ते होते असे नव्हे. तेही बाजारातलेच लोक होते आणि त्यांनाही आपला चरितार्थ चालवावयाचा होता. परंतु त्यांच्या गादीवर जी वस्तू होती तिच्यामुळे त्यांचे दुकान हे केवळ दुकान राहिले नाही.

ते आणखी काय झाले, याची चार उदाहरणे देतो.

पहिले उदाहरण अल्-जाहिजचे. बसरा शहरातील या गरीब घरच्या मुलाने लहानपणी रोटी व मासे विकून पोट भरले. पुढे अरबी गद्याचा तो थोर लेखक ठरला आणि प्राणिसृष्टीवरचा त्याचा ग्रंथ अजरामर झाला. ग्रंथ विकत घेण्याची ऐपत सर्वांनाच नसते. जाहिज वर्राकांची दुकाने रात्रीपुरती भाड्याने घेई आणि आत बसून वाचीत राही. दिवसा मालकाने धंदा करावा, रात्री वाचकाने वाचावे! ज्या गावात कॉलेज नाही त्या गावातही पुस्तकाचे दुकान कॉलेजचे काम करू शकते, हे यावरून दिसून येईल.

दुसरे उदाहरण इब्न सीनाचे. युरोपात पुढे कित्येक शतके ज्याचे वैद्यकग्रंथ अभ्यासले गेले त्या या महापंडिताने आपल्या आत्मवृत्तात एक प्रसंग सांगितला आहे. तरुण वयात त्याने अॅरिस्टॉटलचा तत्त्वज्ञानविषयक ग्रंथ चाळीस वेळा वाचला. तो तोंडपाठ झाला, पण समजला नाही. तो निराश झाला. एके दिवशी दुपारनंतर तो पुस्तकांच्या बाजारातून जात असता एका दलालाने त्याच्यापुढे एक पुस्तक धरले. त्याने ते झिडकारले. दलाल म्हणाला, मालकाला पैशाची नड आहे, तीन दिरहमला देतो, घेऊन टाका. इब्न सीनाने ते घेतले. ते निघाले अल्-फाराबीचे त्याच अॅरिस्टॉटलच्या ग्रंथाचा हेतू उलगडून सांगणारे पुस्तक. घरी जाऊन त्याने ते वाचले आणि चाळीस वाचनांत न सुटलेली गाठ सुटली. दुसऱ्या दिवशी त्याने आनंदाने गोरगरिबांना दानधर्म केला. विद्यार्थी मित्रांनो, येथे एक गोष्ट ध्यानात घ्या. त्याला हवे असलेले पुस्तक त्याने मागितलेच नव्हते. असे पुस्तक जगात आहे हेच त्याला ठाऊक नव्हते! यादी करून मागविलेले पुस्तक आपली गरज भागविते. पण दुकानात हिंडताना अवचित हाती लागलेले पुस्तक कधी कधी आपले आयुष्य बदलते.

तिसरे उदाहरण इब्न अल्-नदीमचे. हा बगदादचा वर्राक आणि वर्राकाचाच मुलगा. इ. स. ९८७-८८ च्या सुमारास त्याने 'अल्-फिहरिस्त' नावाची ग्रंथसूची सिद्ध केली. अरबी भाषेत उपलब्ध असलेल्या ग्रंथांची व ग्रंथकारांची विषयवार नोंद तिच्या दहा भागांत आहे. त्यात धर्मशास्त्र व व्याकरण आहे, तसेच गणित, वैद्यक आणि कथाकहाण्याही आहेत. आपल्या देशाच्या दृष्टीने विशेष म्हणजे, बरमकी वजिराच्या हुकमावरून मनका नावाच्या भारतीय वैद्याने सुश्रुताचा ग्रंथ अरबीत उतरविल्याची नोंदही त्यात सापडते. पुढे इ. स. १२५८ मध्ये मंगोल फौजांनी बगदाद उद्ध्वस्त केले. काळाच्या ओघात फिहरिस्तमधील कितीतरी ग्रंथ नाहीसे झाले. आज त्यांची केवळ नावे उरली आहेत, आणि तीही एका दुकानदाराने टिपून ठेवली म्हणून!

चौथे उदाहरण याकूत अल्-हमवीचे (इ. स. ११७९–१२२९). हा लहानपणी गुलाम म्हणून बगदादच्या एका व्यापाऱ्यास विकला गेला. मालकाने त्यास लिहावयास-वाचावयास शिकविले. मुक्त झाल्यावर त्याने ग्रंथांच्या नकला करून व ग्रंथ विकून गुजराण केली. ज्या ग्रंथांच्या नकला केल्या त्यांतूनच तो शिकला, आणि पुढे त्याने भूगोलाचा तो प्रचंड कोश रचला ज्याचा आधार अभ्यासक आजही घेतात.

मासे विकणारा मुलगा, बुचकळ्यात पडलेला विद्यार्थी, दुकानदाराचा पोरगा आणि एक गुलाम. चौघांचाही रस्ता पुस्तकांच्या बाजारातूनच गेला.

ही सारी हजार वर्षांपूर्वीची गोष्ट झाली, असे कोणी म्हणेल. म्हणून आताची गोष्ट सांगतो. बगदादमध्ये आजही पुस्तकांची एक गल्ली आहे. थोर अरबी कवी अल्-मुतनब्बी याचे नाव तिला इ. स. १९३२ मध्ये देण्यात आले. शुक्रवारी तेथे पुस्तकांचा मोठा बाजार भरतो. १९९० नंतरच्या आर्थिक निर्बंधांच्या काळात अनेक सुशिक्षित कुटुंबांनी पोटासाठी आपले घरचे ग्रंथसंग्रह याच फुटपाथवर विकावयास मांडले. ५ मार्च २००७ रोजी या गल्लीत मोटारबॉम्बचा स्फोट झाला. किमान २६ माणसे मृत्युमुखी पडली आणि दुकानेच्या दुकाने जळून गेली. तेथील एका जुन्या चहाखान्याच्या मालकाचे चार मुलगे व एक नातू या स्फोटात दगावले. तरीही त्या वृद्धाने चहाखाना पुन्हा बांधला. डिसेंबर २००८ मध्ये गल्ली पुन्हा खुली झाली आणि लोक पुन्हा पुस्तके चाळू लागले. ज्यांनी इतके सोसले त्यांनी पुस्तकांची गल्ली मात्र सोडली नाही.

आपल्या महाराष्ट्राचाही या परंपरेशी संबंध आहे. छत्रपती संभाजीनगर (पूर्वीचे औरंगाबाद) जिल्ह्यात, दौलताबादेजवळ कागजीपुरा नावाचे गाव आहे. हातकागद बनविणाऱ्या कागदी लोकांचे म्हणूनच त्याला हे नाव पडले. पुढे छापखान्यांचे युग आले. लखनौस मुन्शी नवल किशोर यांनी १८५८ मध्ये छापखाना काढला आणि अरबी, फारसी, उर्दू तसेच हिंदी व संस्कृत ग्रंथ घरोघर पोहोचविले. एका हिंदू गृहस्थाच्या छापखान्यातून कुराण शरीफच्या प्रती मुसलमानांच्या घरी गेल्या, ही गोष्ट आपल्या मुलांना अवश्य सांगावी अशी आहे. मुंबईत भेंडीबाजार व मोहम्मद अली रोडच्या परिसरात कुतुबफरोशांची दुकाने थाटली गेली. कोटभागात टी. एन. शानभाग यांनी १९४८ साली सुरू केलेल्या 'स्ट्रँड बुक स्टॉल'ने वाचकांच्या कित्येक पिढ्या घडविल्या. ते दुकान फेब्रुवारी २०१८ मध्ये बंद झाले. त्यावर बॉम्ब पडला नव्हता. गिऱ्हाईक कमी होत गेले, इतकेच.

आता सुरुवातीस म्हटलेले निमित्त सांगतो.

आमच्या तालुक्याच्या गावी स्टेशनरोडवर पुस्तकांचे एक लहानसे दुकान होते. आम्ही सारे मालकांना चाचा म्हणत असू. मी बी. एड. करीत असताना मला एक मोठा शब्दकोश हवा होता. रोज जाऊन मी तो चाळीत असे. एके दिवशी चाचांनी तो कागदात बांधून माझ्या हाती दिला आणि म्हणाले, "मास्तर होणार ना तू? मग घेऊन जा. पैसे पहिल्या पगारात दे." मी पहिल्या पगारात पैसे दिले. तो शब्दकोश आजही माझ्या टेबलावर आहे.

पुढे शाळेच्या ग्रंथालयाचे काम माझ्याकडे आले. शहरातील एका पुरवठादाराने चाचांहून दुपटीने सूट देऊ केली. संस्थेचे पैसे वाचतील म्हणून त्याच्याकडून खरेदी करावी अशी शिफारस मीच केली. पुस्तके खोक्यांतून आली. काही एकाच पुस्तकाच्या तीन-तीन प्रती होत्या, तर काही मुलांनी आजवर उघडलेलीही नाहीत. चाचा असते तर म्हणाले असते, "सर, हे आठवीच्या पोरांना जड जाईल, ते दुसरे घ्या." घरच्यासाठीही मी मोबाइलवरूनच पुस्तके मागवू लागलो, तेथे चार पैसे वाचत होते. गेल्या वर्षी चाचांनी दुकान बंद केले. शेवटच्या आठवड्यात मी गेलो तेव्हा त्यांनी मला एका शब्दानेही दोष दिला नाही. चहा मात्र मागविला. आता तेथे मोबाइलची कव्हरे मिळतात. अल्-फर्रा आणि वर्राक यांची गोष्ट मी वर्गात कितीदा तरी सांगितली आहे. दराची घासाघीस करूनही दोघांनी एकमेकांना बाजारातून उठविले नाही, हा तिचा अर्थ मात्र मला फार उशिरा कळला.

म्हणून पालक बंधुभगिनींनो, तीन साध्या विनंत्या आहेत. ईदीच्या पैशांतून मुलाला एक पुस्तक घेऊ द्या. पण ते तुम्ही आणून देऊ नका, त्याला दुकानात न्या, तासभर चाळू द्या आणि त्याचे त्यालाच निवडू द्या. शेजारच्या गावात अजून एक दुकान चालू आहे, एस. टी.ने अर्ध्या तासाचा रस्ता आहे. पाठ्यपुस्तके व वह्या शक्यतो तेथूनच घ्या. कारण जून महिन्याच्या या विक्रीवरच दुकानदार वर्षभर कथा-कादंबऱ्या आणि कोश ठेवू शकतो. तिसरी विनंती संस्थेच्या पदाधिकाऱ्यांना आहे. बक्षीस समारंभात आपण सर्वांना एकसारखी पुस्तके देतो. त्याऐवजी तेवढ्याच रकमेची चिठ्ठी द्यावी आणि मुलांना त्या दुकानात नेऊन निवड करू द्यावी. मुलांना नेण्याची व परत आणण्याची जबाबदारी मी घेतो.

वीस-पंचवीस मुलांतून एकाच्या तरी हाती न मागितलेले पुस्तक लागेल. तीन दिरहमचे का होईना!