पेन्यीस्कोलाचा किल्ला व पापा लुना

किल्ला म्हटला कीं आपल्या महाराष्ट्रांतील वाचकाच्या डोळ्यांपुढें सह्याद्रीचे कडे किंवा कोंकणच्या समुद्रांत पाय रोवून उभे राहिलेले तट येतात. भूमध्य समुद्राच्या कांठींहि अशाच किल्ल्यांची एक रांग आहे. स्पेन देशाच्या पूर्व किनाऱ्यावर, वालेन्सिया शहराच्या उत्तरेस जो मुलूख पसरला आहे, त्यांतील दोन किल्ले पाहण्याचा योग आम्हांस आला. महोत्सवाच्या पुस्तिकेंत ही परमुलखांतील दगडांची कथा कशाला, असें वाचक विचारतील. त्यांस आमची इतकीच विनंति आहे कीं, त्यांनीं ती शेवटपर्यंत वाचावी. कारण त्या दोहोंपैकीं एका किल्ल्यांत ख्रिस्तसभेच्या इतिहासांतील एका फार दुःखद प्रकरणाचा शेवटचा अंक झाला, आणि त्याचा बोध देऊळ बांधणाऱ्या प्रत्येक धर्मग्रामास लागू पडणारा आहे.

प्रथम आम्हीं चिव्हेर्तचा पडका किल्ला पाहिला. इर्ता नांवाच्या डोंगररांगेवर तो उभा आहे. हा मूळचा मुसलमानांचा. आरागोनचा राजा पहिला जेम्स ह्यानें १२३३ सालीं पेन्यीस्कोला वाटाघाटीनें घेतलें, आणि पुढच्याच वर्षीं चिव्हेर्तच्या लोकांनीं टेंपलर शिलेदारांशीं करार करून आपला किल्ला त्यांच्या स्वाधीन केला. हे टेंपलर म्हणजे व्रतस्थ लढवय्ये. पवित्र भूमीच्या यात्रेकरूंचें रक्षण करण्यासाठीं बाराव्या शतकाच्या आरंभीं यरुशलेम येथें त्यांचा संघ स्थापन झाला होता. करारान्वये चिव्हेर्तच्या लोकांस आपली मशीद, आपला कायदा व आपली शेतीवाडी राखतां आली. तटाच्या एका भागावर अजून अरबी अक्षरें दिसतात. पुढें १६०९ सालीं स्पेनच्या राजानें मुसलमान वंशाच्या लोकांस, त्यांचा बाप्तिस्मा झालेला असूनहि, वालेन्सिया प्रांतांतून हद्दपार केलें, आणि हें डोंगरावरील गांव ओस पडलें. करारानें जें पावणेचारशें वर्षें टिकलें, तें एका हुकुमानें संपलें.

तेथून आम्ही पेन्यीस्कोलास आलों. बेनिकार्लो स्टेशनाकडून किनाऱ्यानें येतांना समुद्रांत घुसलेला एक प्रचंड खडक दिसूं लागतो. जमिनीशीं त्याचा सांधा काय तो एका अरुंद वाळूच्या पट्टीचा. आज त्या पट्टीच्या दोन्ही बाजूंस हॉटेलें झालीं आहेत, आणि उन्हाळ्यांत युरोपांतील सुखवस्तु मंडळी तेथें ऊन खात पडलेली असते; पण पूर्वीं समुद्र खवळला म्हणजे लाटा ही पट्टी ओलांडून जात व खडकाचें बेट होई. खडकांतच गोड्या पाण्याचे झरे आहेत. एके ठिकाणीं खडकास आरपार भोंक असून वादळांत त्यांतून समुद्राचें पाणी फूत्कार टाकीत वर उडतें. पांढऱ्या घरांच्या अरुंद गल्ल्या चढत आम्ही माथ्यावर पोहोंचलों, तेव्हां समुद्र ६४ मीटर खालीं राहिला होता.

हा किल्ला टेंपलर शिलेदारांनीं १२९४ ते १३०७ ह्या वर्षांत बांधला. १२९१ सालीं आक्राचें ठाणें पडून पवित्र भूमि ख्रिस्ती सत्तेच्या हातून कायमची गेली होती. तेथें जें गमावलें तें येथें पुन्हां उभारावें, अशा ईर्षेनेंच जणूं ह्या भिंती रचिल्या आहेत. दरवाजावर संघाचा क्रूस व त्याचा प्रमुख बेरेंगेर द कार्दोना ह्याचें कुलचिन्ह कोरलेलें आहे. परंतु दैवाची गति पहा! बांधकाम पुरें होण्याच्या सुमारासच, १३०७ च्या ऑक्टोबरांत, फ्रान्सच्या राजानें आपल्या राज्यांतील टेंपलरांस कैद केलें, आणि डिसेंबरांत आरागोनच्या राजाच्या माणसांनीं पेन्यीस्कोलाचा ताबा घेतला. १३१२ सालीं पोप पांचवे क्लेमेंट ह्यांनीं तो संघच विसर्जित केला. त्याच सालीं तारागोना येथील धर्मसभेनें आरागोनच्या टेंपलरांस निर्दोष ठरविलें. पण ज्या संघाचे ते शिलेदार होते तो संघ तेव्हां उरला नव्हता. १३१७ सालीं पोप बाविसावे योहान ह्यांनीं मोन्तेसाचा नवा संघ स्थापिला व वालेन्सिया राज्यांतील टेंपलरांची मालमत्ता त्यास दिली.

आंत मोठी पागा आहे, पहारेकऱ्यांची खोली आहे, आणि टोंकदार कमानीच्या छताचें एक साधें, उघडें, गंभीर देऊळ आहे. ह्याच देवळांत, ह्याच दालनांत एका वृद्ध पुरुषानें आपल्या आयुष्याचीं शेवटचीं वर्षें काढलीं. त्याचें नांव पेद्रो द लुना. स्पेनमधील लोक त्यास ‘पापा लुना’ म्हणतात.

पेद्रो द लुना हा आरागोनांतील इल्युएका गांवीं १३२८ सालीं जन्मला. तो माँपेलिए येथें धर्मशास्त्राच्या कायद्याचा अध्यापक होता. पोप अकरावे ग्रेगरी ह्यांनीं १३७५ सालीं त्यास कार्डिनल केलें. त्याच्या शुद्ध आचरणाविषयीं शत्रूंनींहि शंका घेतली नाहीं. १३७८ सालीं ग्रेगरी वारले व रोमच्या लोकांच्या गोंगाटांत कार्डिनलांनीं सहावे उर्बन ह्यांस निवडलें. कांहीं महिन्यांतच बहुतेक कार्डिनलांनीं ती निवड दडपणाखालीं झाली असें म्हणून दुसरा पोप निवडला, आणि ख्रिस्ती जगाचे दोन तुकडे झाले. सिएनाची संत कॅथरिन रोमच्या बाजूस, तर वालेन्सियाचा संत विन्सेंट फेरर आव्हिन्योंच्या बाजूस! जेथें संतांचाहि मेळ बसेना, तेथें सामान्य जनांचा काय पाड?

१३९४ सालीं आव्हिन्यों येथें लुनाची निवड झाली व त्यानें तेरावा बेनेडिक्ट हें नांव घेतलें. फूट मिटविण्यासाठीं गरज पडल्यास पदत्याग करूं, अशी शपथ निवडीपूर्वीं कार्डिनलांनीं घेतली होती. त्यांत लुनाहि होता. परंतु पद मिळाल्यावर त्याग करण्याची गरज त्यास कधींच दिसली नाहीं. फ्रान्सनें पाठिंबा काढला, राजवाड्यास वेढा पडला, साडेचार वर्षें तो कोंडला गेला आणि १४०३ सालीं वेष पालटून निसटला. पण नमला नाहीं. १४०९ च्या पिसा येथील सभेनें तिसरा पोप उभा करून गोंधळांत भर घातली. शेवटीं १४११ सालीं लुना पेन्यीस्कोलाच्या खडकावर येऊन राहिला.

१४१४ सालीं कॉन्स्टान्स येथें धर्मपरिषद भरली. पिसापक्षाचा योहान पदच्युत झाला. रोमचे बारावे ग्रेगरी ह्यांनीं १४१५ च्या जुलैंत आपण होऊन पदत्याग केला. उरला एकटा लुना. त्याची मनधरणी करण्यासाठीं सम्राट सिगिस्मुंड स्वतः पेर्पिन्यों येथें आला. तेव्हां लुनानें जो युक्तिवाद केला तो वकिलास शोभेल असा होता. फूट पडण्यापूर्वीं नेमलेल्या कार्डिनलांपैकीं मी एकटाच जिवंत आहें; बाकी सर्वांची नेमणूक वादग्रस्त; तेव्हां निःसंशय कार्डिनल मीच, आणि खरा पोप निवडण्याचा अधिकारहि माझा एकट्याचाच! ह्या तर्काच्या भिंतींत फट सांपडणें कठीण. पण आंत मात्र एकच माणूस उभा होता.

१४१६ सालीं तीन राजांच्या सणाच्या दिवशीं, ६ जानेवारीस, संत विन्सेंट फेरर पेर्पिन्यों येथें उपदेशास उभे राहिले. ते लुनाचे जुने मित्र. एके काळीं ते त्याचे पापनिवेदन ऐकणारे गुरु होते. पहिला फर्डिनांड ह्यास आरागोनचें सिंहासन मिळवून देण्यांत ह्या दोघांचाहि हात होता. त्याच राजाच्या वतीनें, लुनाची आज्ञा आतां मानूं नये, हें फर्मान विन्सेंट ह्यांनीं वाचून दाखविलें. त्या वेळीं त्यांच्या मनास काय वाटलें असेल, ह्याची कल्पना वाचकांनींच करावी. मित्र चुकत असतां त्याच्याबरोबर चुकणें सोपें असतें. त्यांनीं अवघड मार्ग धरिला.

लुना मात्र पेन्यीस्कोलास परतला. परिषदेचे दूत त्यास भेटावयास आले, तेव्हां त्यानें आपल्या खडकास नोहाच्या तारवाची उपमा दिली व खरी ख्रिस्तसभा येथेंच आहे असें सांगितलें, असा वृत्तांत आहे. १४१७ च्या जुलैंत परिषदेनें त्यास पदच्युत केलें व नोव्हेंबरांत पांचवे मार्टिन ह्यांची निवड होऊन फूट संपली. ‘आपल्या तेरावर अडून राहणें’ असा हट्टीपणाविषयीं एक वाक्प्रचार स्पॅनिश भाषेंत आहे. तो तेराव्या बेनेडिक्टापासून निघाला असें लोक मानतात.

त्याच्या कारकीर्दीचा एक काळा डागहि सांगितला पाहिजे. १४१३-१४ सालीं तोर्तोसा येथें त्यानें यहुदी पंडितांस सक्तीनें वादास बसविलें व मागाहून त्यांच्या धर्मग्रंथांवर व व्यवसायांवर कडक निर्बंध घातले. चिव्हेर्तच्या करारांत जो समंजसपणा होता तो येथें नव्हता. उलट, त्याच्या हातून एक चिरस्थायी सत्कृत्यहि झालें. १४१३ च्या ऑगस्टांत ह्याच किल्ल्यांतून त्यानें स्कॉटलंडांतील सेंट अँड्र्यूज विद्यापीठास मान्यतेचीं पत्रें दिलीं. तें विद्यापीठ आजहि चालू आहे, आणि लुना म्हणजे चंद्र म्हणून त्याच्या बोधचिन्हावर चंद्रकोर आहे.

१४२३ सालीं, नव्वदी उलटून गेल्यावर, लुना ह्याच किल्ल्यांत वारला. त्याच्या मागें उरलेल्या तीन कार्डिनलांनीं आणखी एक पोप निवडला. चौथ्यानें ती निवड नाकारून वेगळाच निवडला! आरागोनच्या नव्या राजानें ह्या तारवाचा उपयोग रोमशीं सौदा करण्यापुरता केला आणि १४२९ च्या जुलैंत सान मातेओ गांवीं त्या शेवटच्या पोपनें पद सोडलें. १७२४ सालीं रोममध्यें निवडून आलेले पोप तेरावे बेनेडिक्ट म्हणूनच ओळखले जातात. ख्रिस्तसभेनें लुनाचा अनुक्रमांकसुद्धां राखून ठेविला नाहीं.

बुरुजावर उभे राहून आम्हीं खालीं समुद्राकडे पाहिलें. किल्ला अभंग आहे. शत्रूनें लुनास कधीं बाहेर काढलें नाहीं. अन्न, पाणी, तट, तर्क, कशाचीच त्यास वाण पडली नाहीं. फक्त लोक निघून गेले.

आमच्या मनांत तेथें वसईचा किल्ला आला, आणि तो उगाच नव्हे. ज्या बाविसाव्या योहानांनीं मोन्तेसाचा संघ स्थापिला, त्यांनींच १३१९ सालीं पोर्तुगालांत टेंपलरांच्या जागीं ख्रिस्ताचा संघ स्थापिला. त्याचाच क्रूस शिडांवर घेऊन वास्को द गामाचीं जहाजें १४९८ सालीं हिंदुस्थानास आलीं. १५३४ सालीं वसई पोर्तुगीजांस मिळाली. १७३९ सालीं चिमाजी आप्पांनीं ती जिंकली. किल्ल्यांतील देवळें ओस पडलीं, छपरें कोसळलीं. पण तटाबाहेर गांवोगांव शेतकरी व कोळी ख्रिस्ती समाज होता तो टिकला. पेन्यीस्कोलास भिंती राहिल्या व माणसें गेलीं. वसईस भिंती पडल्या व माणसें राहिलीं.

महोत्सवाच्या दिवशीं आपल्या देवळाकडे पाहून अभिमान वाटणें साहजिक आहे, आणि वाटावाहि. परंतु त्याच्या दारांतून आंत येणाऱ्यांची व एकमेकांशीं समेट करून बाहेर जाणाऱ्यांची संख्या घटूं नये, ह्याची काळजी भिंतींच्या काळजीहून अगोदर केली पाहिजे, इतकेंच त्या खडकावरून उतरतांना आम्हांस वाटलें.