शेवटच्या माणसाचा निवेदक

मानवजातीच्या नाशाची कल्पना प्राचीन आहे. त्या नाशानंतरही काळ निर्हेतुकपणे चालू राहील, ही कल्पना मात्र अर्वाचीन आहे. धर्मकथांतील प्रलयामागे न्याय असतो किंवा नवी सृष्टी तरी असते. १७९६ मध्ये जॉर्ज क्यूव्हिए यांनी हत्तींच्या जीवाश्मांवरून प्राणिजाती समूळ नष्ट होतात असे प्रतिपादन केले. १८५२ मध्ये विल्यम टॉमसन (पुढे लॉर्ड केल्व्हिन) यांनी ऊर्जेच्या अपव्ययावरून पृथ्वी एका मर्यादित कालावधीनंतर मानवी वस्तीस अयोग्य होईल असा निष्कर्ष काढला. अंताला आता नैतिक आशय उरला नाही.

यातून इंग्रजी कादंबरीपुढे निवेदनाचा पेच उभा राहिला : ऐकणारा कोणी उरलाच नाही, तर कथा कोणाला सांगायची? मेरी शेलीच्या 'द लास्ट मॅन' (१८२६) मधील व्हर्नी साथीनंतर एकटा उरतो आणि आपला ग्रंथ मृतांना अर्पण करतो. प्रस्तावनेनुसार मात्र हा एकविसाव्या शतकाअखेरचा वृत्तान्त १८१८ मध्येच नेपल्सजवळील सिबिलच्या गुहेतील पानांवर सापडलेला असतो. वेल्सच्या 'द टाइम मशीन' (१८९५) मधील प्रवासी तीन कोटी वर्षांनंतरचा मंदावलेला सूर्य पाहतो. परंतु ते सांगण्यासाठी त्याला स्नेह्यांच्या बैठकीत परतावे लागते. ओलाफ स्टेपलडनच्या 'लास्ट अँड फर्स्ट मेन' (१९३०) मध्ये दोन अब्ज वर्षांनंतरची, नेपच्यूनवरील अठरावी मानवजात आजच्या माणसाच्या मनातून बोलते.

तिन्ही कृतींत भविष्य मागे वळून वर्तमानातील वाचकाला गाठते. हा केवळ कथनाचा सोयीस्कर संकेत मानणे अपुरे ठरेल. स्टेपलडनच्या अठरा मानवजातींची शरीरे आणि बुद्धी परस्परांहून भिन्न आहेत. त्यांना एका इतिहासात बांधतो तो हा निवेदकच. अनंत काळाला स्वतःची कथा नसते. आरंभ, मध्य आणि शेवट त्याला साक्षीदाराकडून मिळतात, आणि तो साक्षीदार नश्वर असतो.

केल्व्हिन यांच्या हिशेबाने सूर्याची उष्णता लाखो-कोटी वर्षांच्या मापात सरणारी होती. अणुकेंद्रीय संमीलनाचे ज्ञान झाल्यानंतर सूर्याचे उर्वरित आयुष्य सुमारे पाच अब्ज वर्षे मानले जाते. मुदत वाढली, पेच सुटला नाही. मानवी सातत्य या कादंबऱ्यांनी वंशाच्या अमरत्वात शोधले नाही. एकाने सांगावे आणि दुसऱ्याने ऐकावे, या व्यवहारात शोधले. व्हर्नीने मृतांना उद्देशून लिहिले, तेही हा व्यवहार मोडू नये म्हणूनच.