कॉल स्टॅक विश्लेषण

संगणकावर एखादी आज्ञावली चालू असताना तिच्यातील कोणती उप-आज्ञावली कोणाच्या पाचारणावरून काम करीत आहे, याच्या नोंदी ठराविक कालांतराने घेऊन, त्या नोंदींची लहान आज्ञावल्यांच्या (स्क्रिप्टच्या) साहाय्याने छाननी, एकत्रीकरण व चित्रण करण्याच्या पद्धतीस कॉल स्टॅक विश्लेषण म्हणतात. आज्ञावलीचा वेळ कोठे खर्च होतो हे शोधणे, हा तिचा मुख्य उद्देश होय. वेळ कोठे गेला एवढेच कळून भागत नाही. तो कोणामुळे गेला हेही कळावे लागते. या दुसऱ्या प्रश्नाच्या उत्तराचा शोध म्हणजेच या पद्धतीचा इतिहास होय. [⟶ संगणक].

स्वरूप : मोठी आज्ञावली अनेक उप-आज्ञावल्यांची बनलेली असते. एक उप-आज्ञावली दुसरीला पाचारण करते, तेव्हा काम संपल्यावर कोठे परतावयाचे तो पत्ता स्मृतीत ठेवावा लागतो. असे पत्ते नाण्यांच्या चळतीप्रमाणे एकावर एक रचले जातात आणि शेवटी ठेवलेला पत्ता प्रथम काढला जातो. या रचनेस कॉल स्टॅक किंवा पाचारण-चळत म्हणतात. कोणत्याही क्षणी ही चळत वरून खाली वाचली, तर चालू कामापासून मूळ आज्ञावलीपर्यंतची पाचारणांची सर्व साखळी हाती येते.

उदाहरणार्थ, वीज देयके तयार करणाऱ्या आज्ञावलीत ‘ग्राहक-नोंद’ आणि ‘थकबाकी’ या दोन्ही उप-आज्ञावल्या ‘शोध’ या तिसरीला प्रत्येकी १०० वेळा पाचारण करतात, असे समजू. दर सेकंदास १०० याप्रमाणे १० सेकंदांत चळतीचे १,००० नमुने घेतले आणि एकसारख्या साखळ्या एकत्र केल्या, तर पुढील सारांश मिळू शकेल :

देयक;ग्राहक-नोंद;शोध ५०
देयक;थकबाकी;शोध ६५०
देयक;छपाई ३००

‘शोध’वर एकूण ७ सेकंद खर्च झाले, परंतु त्यांपैकी ६·५ सेकंद ‘थकबाकी’च्या पाचारणांमुळे गेले. केवळ ‘शोध’ची बेरीज पाहणाऱ्यास हे कळणार नाही आणि तो सुधारणेचे श्रम भलत्या ठिकाणी खर्च करील.

चळतीचा उगम : परतीचा पत्ता राखण्याची गरज पहिल्या संगणकांपासूनच जाणवली होती. ॲलन ट्युरिंग (१९१२–५४) यांनी १९४५-४६ मध्ये आखलेल्या यंत्राच्या आराखड्यात परतीचा पत्ता ‘पुरणे’ व ‘उकरून काढणे’ अशी योजना होती. केंब्रिज येथील एडसॅक यंत्रावर (१९४९) डेव्हिड व्हीलर (१९२७–२००४) यांच्या पद्धतीने उप-आज्ञावली आपल्या परतीचा आदेश स्वतःच तयार करीत असे. जर्मनीत फ्रीड्रिख बाउअर (१९२४–२०१५) व क्लाउस झामेलझोन (१९१८–८०) यांनी १९५७ मध्ये ‘तळघर’ या नावाने चळतीच्या तत्त्वाच्या एकस्वासाठी अर्ज केला. एड्‌सखर डाइक्स्ट्रा (१९३०–२००२) यांनी १९६० मध्ये, स्वतःलाच पाचारण करणाऱ्या उप-आज्ञावल्या चळतीच्या योगे कशा चालविता येतात, हे दाखविले. अल्गॉल ६० ही भाषा आणि बरोज कंपनीचे बी ५००० हे यंत्र (१९६१) यांनी ही कल्पना व्यवहारात आणली.

मुंबईतील यंत्रे : हा बदल मुंबईत आलेल्या यंत्रांवरूनही स्पष्ट होतो. टाटा मूलभूत संशोधन संस्थेत बांधलेला टिफ्रॅक हा संगणक १९६० मध्ये कार्यान्वित झाला. १९६४ मध्ये तेथे सीडीसी ३६०० हे मोठे यंत्र बसविण्यात आले आणि देशातील अनेक संशोधकांना ते उपलब्ध झाले. या यंत्राचा ‘परतीची उडी’ हा आदेश परतीचा पत्ता पाचारण केलेल्या उप-आज्ञावलीच्या आरंभीच्या शब्दातच नोंदवीत असे. तीच उप-आज्ञावली काम संपण्यापूर्वी पुन्हा पाचारली गेल्यास आधीचा पत्ता पुसला जाई. पाचारणांची साखळी अस्तित्वात असली, तरी ती स्मृतीत विखुरलेली असे.

पवई येथील भारतीय तंत्रविद्या संस्थेत सत्तरीच्या दशकात आलेले ईसी-१०३० हे सोव्हिएट बनावटीचे यंत्र आयबीएम ३६० मालिकेच्या आदेशसंचावर आधारलेले होते. या मालिकेत परतीचा पत्ता नोंदकात ठेवून नोंदकांतील मजकूर एकमेकांस जोडलेल्या स्मृतिखंडांत जतन करण्याची रीत होती. त्याच दशकात टाटा संस्थेतील राष्ट्रीय सॉफ्टवेअर विकास व संगणन तंत्र केंद्रात डेक-१० हे यंत्र आले. त्याच्या आदेशसंचातच चळतीवर पत्ता ठेवून पाचारण करणारा व चळतीवरून पत्ता काढून परतणारा असे दोन आदेश होते. अशा यंत्रात साखळी एकाच जागी, क्रमाने वाचता येई. प्रस्तुत पद्धतीस आवश्यक असलेला कच्चा माल यंत्ररचनेतील या बदलाने उपलब्ध झाला.

कालव्ययाचे मापन : डॉनल्ड क्नूथ (१९३८– ) यांनी १९७१ मध्ये फोर्ट्रान भाषेतील प्रत्यक्ष वापरातल्या आज्ञावल्यांची पाहणी प्रसिद्ध केली. आज्ञावलीच्या चार टक्क्यांहून कमी भागावर निम्म्याहून अधिक वेळ खर्च होतो, असे त्यांना सर्वसाधारणपणे आढळले. आज्ञावली लिहिणाऱ्याचा अंदाज पुरेसा नसून मोजमाप आवश्यक आहे, हे त्यावरून स्पष्ट झाले. युनिक्स प्रणालीवरील प्रॉफ हे आरंभीचे साधन प्रत्येक उप-आज्ञावलीचा वेळ सांगत असे; मात्र तिला कोणी पाचारले ते सांगत नसे.

ही उणीव दूर करण्यासाठी कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली शाखेतील सूझन ग्रॅहम, पीटर केसलर व मार्शल कर्क मक्यूझिक यांनी १९८२ मध्ये जीप्रॉफ हे साधन मांडले. ते पाचारण करणारी व पाचारलेली अशा जोड्यांची संख्या मोजते आणि पाचारलेल्या उप-आज्ञावलीचा वेळ त्या संख्यांच्या प्रमाणात वाटते. प्रत्येक पाचारणास सारखाच वेळ लागतो, हे यातील गृहीत आहे. वरील उदाहरणात दोन्हींकडील पाचारणे प्रत्येकी १०० असल्याने जीप्रॉफ ‘ग्राहक-नोंद’ व ‘थकबाकी’ यांच्या नावावर प्रत्येकी ३·५ सेकंद टाकील. वस्तुतः ते ०·५ व ६·५ सेकंद आहेत. कार्ल पाँडर व रिचर्ड फेटमन यांनी १९८८ मध्ये अशा साधनांतील चुकांची चिकित्सा केली. जोडीऐवजी संपूर्ण साखळी नोंदविणे, हा या दोषावरील उपाय होय. परंतु त्यामुळे नोंदींचा ढीग वाढतो व तो वाचणे माणसाच्या आवाक्याबाहेर जाते.

स्क्रिप्टद्वारे संस्करण : हा ढीग आवरण्याचे काम मजकूर-संस्करणाच्या भाषांनी सुकर केले. ऑक (१९७७) व पर्ल (१९८७) या भाषांत काही ओळींची स्क्रिप्ट लिहून हजारो ओळींतून हवा तो आशय वेगळा काढता येतो. सन मायक्रोसिस्टिम्स कंपनीच्या सोलारिस १० या प्रणालीबरोबर २००५ मध्ये आलेल्या डीट्रेस या साधनाने एक पाऊल पुढे टाकले. त्यात स्क्रिप्ट प्रणालीच्या गाभ्यातच चालते आणि समान साखळ्यांची मोजणी जागच्या जागी होते. लिनक्स प्रणालीत २००९ मध्ये पर्फ हे साधन आले. त्याने घेतलेल्या नोंदी मजकुराच्या रूपात मिळतात व त्यांवर पर्ल किंवा पायथन भाषेतील स्क्रिप्ट चालविता येते.

ब्रेंडन ग्रेग यांना २०११ मध्ये जॉयेंट कंपनीत असताना मायएसक्यूएल या विदासंचय आज्ञावलीच्या मंदगतीचा शोध घ्यावयाचा होता. डीट्रेसने समान साखळ्या एकत्र करूनही पाच लाखांहून अधिक ओळींचे उत्पादन दिले. नीलकंठ नाडगीर यांच्या रूबी भाषेतील चित्रण-स्क्रिप्टवरून स्फूर्ती घेऊन ग्रेग यांनी पर्ल भाषेत दोन टप्प्यांची योजना केली. पहिली स्क्रिप्ट प्रत्येक साखळीची घडी घालून ती एका ओळीत मांडते : उप-आज्ञावल्यांची नावे अर्धविरामाने जोडलेली व शेवटी नमुन्यांची संख्या. दुसरी स्क्रिप्ट त्या ओळींपासून ‘ज्वाला-आलेख’ काढते. त्यातील पट्टीची रुंदी नमुन्यांची संख्या दर्शविते, तर उंची साखळीची खोली दर्शविते. आडव्या दिशेतील क्रम नावांच्या वर्णानुक्रमाने असतो; तो कालक्रम नव्हे. घडी घातलेली ओळ हा साधा मजकूर असल्याने मोजमापाचे साधन कोणतेही असो, चित्रणाची स्क्रिप्ट तीच चालते. या पद्धतीच्या प्रसाराचे रहस्य या साधेपणात आहे.

संबंधित संशोधन : आज्ञावली न चालविता तिच्या मजकुराचे परीक्षण करतानाही साखळ्यांची संख्या आटोक्यात ठेवावी लागते. अपूर्ण पाचारणांची क्रमवार नोंद, म्हणजे ‘पाचारण-माला’, ही कल्पना मीखा शरीर व अमीर प्नुएली यांनी १९८१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या लेखात मांडली. मालांची संख्या भरमसाट वाढत असल्याने ती अव्यवहार्य मानली जात असे. पवईच्या संस्थेतील उदय खेडकर व बागेश्री करकरे यांनी २००८ मध्ये, समान माहिती वाहणाऱ्या माला एका प्रतिनिधीत विलीन करून परतताना त्या पुन्हा उभ्या करण्याची युक्ती सुचविली. हे कार्य वेळेच्या मापनाशी थेट संबंधित नाही. तथापि समान साखळ्या एकत्र करण्याचे तत्त्व दोन्हीकडे उपयोगी पडते.

मर्यादा : नमुने हे नमुनेच असल्याने क्वचित घडणारी घटना त्यांतून निसटू शकते. प्रक्रियक व्यग्र असतानाच नमुने घेतल्यास, तबकडीची किंवा जालाची वाट पाहण्यात गेलेला वेळ दिसत नाही. वेग वाढविण्यासाठी भाषांतरक चळतीतील चौकटींचे दर्शक गाळतो, तेव्हा साखळी मध्येच तुटते आणि स्क्रिप्ट अपुऱ्या नोंदींची बिनचूक बेरीज करीत राहते. या कारणास्तव फेडोरा (२०२३) व उबुंटू (२०२४) या लिनक्स वितरणांनी, वेगातील अल्प घट पत्करून, हे दर्शक पुन्हा राखण्याचा निर्णय घेतला.

समांतर संगणकांत प्रत्येक प्रक्रियकाची चळत वेगळी असते. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानविज्ञान संस्थेतील प्रत्यूष (२०१८) व अर्क (२०२४) यांसारख्या महासंगणकांवरील हवामानाची प्रतिमाने एकाच वेळी हजारो प्रक्रियकांवर चालतात. अंदाज ठराविक वेळेत तयार झाला नाही, तर त्याचा उपयोग राहत नाही. अशा ठिकाणी एक प्रक्रियक मागे पडला, तर इतर त्याची वाट पाहत थांबतात. म्हणून सर्व साखळ्यांची नुसती बेरीज न करता प्रक्रियकवार तुलना करावी लागते.