प्रस्तावना : विमान कोणी पकडायचे?

कॅनडाच्या नुनावुत प्रदेशात 25 वस्त्या आहेत आणि त्यांना एकमेकींशी जोडणारा एकही रस्ता नाही. अशा वस्तीतल्या इन्युइट या आदिवासी समाजाच्या मुलीला शिक्षिका किंवा वकील व्हायचे, तर कोणाला तरी विमान पकडावे लागते. कोणी, हाच दुर्गम भागातल्या आदिवासींच्या उच्च शिक्षणाच्या अभ्यासक्षेत्राचा मूळ प्रश्न.

बराच काळ उत्तर ठरलेले होते: मुलांनी. आदिवासी मुलांसाठीच्या निवासी शाळांनी तर त्यांना सक्तीने घरापासून आणि भाषेपासून तोडले. या शाळांची चौकशी करणाऱ्या सत्य व सलोखा आयोगाने 2015 मध्ये त्याला ‘सांस्कृतिक वंशसंहार’ म्हटले. आजही नात शिकायला दक्षिणेकडे निघाली की एखाद्या आजीच्या मनात पाल चुकचुकते, ती उगीच नव्हे.

1972 मध्ये ‘नॅशनल इंडियन ब्रदरहूड’ या संघटनेने शिक्षणाची सूत्रे आदिवासी समाजाच्या हाती मागितली. त्याच दशकात उत्तर सस्कॅचेवानमधील ला रोंज येथे स्थानिक शिक्षक घडवण्याचा कार्यक्रम उभा राहिला. पुढे 2001 मध्ये नुनावुतमधील इकालुइट येथे ‘अकित्सिराक’ विधी अभ्यासक्रम सुरू झाला. व्हिक्टोरिया विद्यापीठाची पदवी, पण वर्ग उत्तरेत. विमान पकडले ते प्राध्यापकांनी. 2005 मध्ये 11 इन्युइट विद्यार्थी वकिलीचे पदवीधर झाले.

व्हर्ना कर्कनेस आणि रे बार्नहार्ट यांचा 1991 मधील निबंध हा या क्षेत्राचा उंबरठा. विद्यापीठ म्हणते ‘या’, विद्यार्थी म्हणतो ‘जातो’. या दोन क्रियापदांमधली दरी त्यांनी दाखवली. गळतीचे खापर विद्यार्थ्यावर फोडण्याआधी संस्थेने आदर, समर्पकता, देवाणघेवाण आणि जबाबदारी या चार कसोट्यांवर स्वतःला घासून पाहावे, असे त्यांचे म्हणणे.

विद्यार्थ्याला ‘साहाय्य’ म्हणजे जादा शिकवणी, ही समजूत इथे टिकत नाही. इथला विद्यार्थी पुष्कळदा वयाने मोठा, लेकुरवाळा असतो. त्याला पाळणाघर लागते, घर लागते, हातखर्चाला पैसे लागतात. वर्गात वडीलधाऱ्यांना मानाची जागा असावी लागते आणि मातृभाषेत विचार मांडण्याची मुभा लागते. छोट्या वस्तीत एक मृत्यू झाला तरी अख्खा वर्ग सुतकात असतो. वेळापत्रकाला हे कळावे लागते.

अर्थात गावी आलेले शिक्षण म्हणजे रामबाण नव्हे. तुकडीपुरता निधी मिळतो, तुकडी संपली की दिवा विझतो. नुनावुतला कायद्याची पुढची तुकडी मिळाली ती थेट 2017 मध्ये.

आश्रमशाळा आणि वसतिगृहे जवळून पाहिलेल्या मराठी वाचकाला यातले बरेच ओळखीचे वाटेल. तरी घाईने तुलना करू नये. तिकडचे हवामान, करार आणि जखमा वेगळ्या आहेत. या क्षेत्रातला कोणताही अहवाल हाती घ्याल तेव्हा एवढेच करा: यशाचे आकडे पाहण्याआधी, विमान कोणी पकडले ते शोधा.