मुद्रणसेवेच्या कडीकोयंड्यांची कुळकथा

अहिल्यानगर जिल्ह्याच्या १४ तालुक्यांत, अकोल्यापासून जामखेडपर्यंत, तहसील कार्यालयातला दाखला असो, पतसंस्थेचे पासबुक असो की साखर कारखान्याच्या वजनकाट्यावरची पावती असो, व्यवहार अखेर कागदावर उतरतो, आणि तो उतरण्यापूर्वी संगणकातील मुद्रणसेवेच्या हातून जातो. मुद्रणसेवा म्हणजे छपाईची कामे स्वीकारून ती रांगेत लावणारा आणि प्रिंटरच्या गतीने एकेक काम त्याच्याकडे सोपवणारा कार्यक्रम. हे काम करताना ती प्रत्येक दस्तऐवजाची तात्पुरती प्रत चकतीवर ठेवते, यंत्रातले मोठे अधिकार वापरते आणि दुसऱ्या संगणकांकडूनही कामे घेते; म्हणून तिच्यापर्यंत परक्या माणसाचा हात पोहोचला, तर प्रश्न कागद वाया जाण्यापुरता राहत नाही. ही वाट कशी उघडली आणि तिला कडीकोयंडे कसे बसत गेले, याचा इतिहास सुमारे ६० वर्षांचा आहे.

त्याचा आरंभ गतीच्या विषमतेतून झाला. आयबीएमचा १९५९ साली आलेला १४०३ हा प्रिंटर मिनिटाला ६०० ओळी छापत असे, तरीही संगणकाच्या मानाने तो फार मंद होता आणि महागडे यंत्र त्याच्यासाठी खोळंबून राही. म्हणून उत्तरे आधी चुंबकीय फितीवर उतरवायची आणि मग लहान साहाय्यक यंत्राकडून छापून घ्यायची, अशी रीत पडली. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत १९६४ साली बसवलेल्या सीडीसी ३६०० या संगणकाच्या जोडीलाही १६०-ए हे लहान यंत्र होते. पुढे फितीऐवजी चकतीवर रांग ठेवता येऊ लागली आणि या पद्धतीला स्पूलिंग हे नाव रूढ झाले. अमेरिकेत ह्यूस्टन येथील अंतराळ केंद्रासाठी १९६०च्या दशकात तयार झालेल्या हॅस्प या प्रणालीने दूरच्या केंद्रांतून कामे पाठवण्याची व तिथेच उत्तरे छापण्याची सोय केली. तारेच्या दुसऱ्या टोकाला कोण आहे हे तेव्हा ठाऊक असे, त्यामुळे ओळख पटवण्याचा प्रश्न फारसा उभा राहिला नाही.

हाच विश्वास युनिक्सच्या बर्कली शाखेत नियम होऊन बसला. १९८३च्या ४.२ आवृत्तीतील एलपीडी ही सेवा जाळ्यावरून आलेली कामे घेई आणि पाठवणाऱ्या संगणकाचे नाव आपल्या यादीत आहे की नाही, एवढेच पाही. ऑगस्ट १९९० मध्ये ही पद्धत आरएफसी ११७९ या दस्तऐवजात नोंदवली गेली. पोर्ट म्हणजे एकाच संगणकावरील वेगवेगळ्या सेवांना दिलेला क्रमांक. या सेवेचा क्रमांक ५१५ होता आणि काम पाठवणाऱ्याने ७२१ ते ७३१ यांपैकी एखाद्या पोर्टवरून बोलावे, अशी अट होती. युनिक्समध्ये १०२४च्या खालचे पोर्ट फक्त यंत्राच्या प्रशासकाला वापरता येत, आणि प्रशासक विश्वासू असणारच, हे त्यामागचे गृहीतक होते. घरोघरी आणि टेबलोटेबली संगणक आल्यावर प्रत्येक जण आपल्या यंत्राचा प्रशासक झाला आणि ती अट निरर्थक ठरली. त्याच सुमारास प्रिंटर स्वतःच जाळ्याला जोडले जाऊ लागले. ह्यूलेट-पॅकार्डच्या जेटडायरेक्ट उपकरणांनी रूढ केलेल्या ९१०० या पोर्टवर जे येईल ते छापले जाते, पाठवणारा कोण हे विचारलेही जात नाही.

खरा कोयंडा एप्रिल १९९९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आयपीपी या संकेतप्रणालीने आणला. वेबपानांची देवाणघेवाण ज्या एचटीटीपी नियमांनी होते, त्यांवरच ती उभी असल्याने वापरकर्त्याचे नाव व परवलीचा शब्द विचारणे आणि मजकूर सांकेतिक रूपात पाठवणे शक्य झाले. तिला ६३१ हा पोर्ट मिळाला. त्याच वर्षी मायकेल स्वीट यांच्या ईझी सॉफ्टवेअर प्रॉडक्ट्सने कप्स ही मुद्रणसेवा प्रकाशात आणली. ती २००२ साली अ‍ॅपलने मॅक प्रणालीत घेतली आणि लिनक्सवरही तीच रुळली. कोणत्या पत्त्यावर ऐकायचे आणि कोणाला प्रवेश द्यायचा हे तिच्या साध्या मजकुराच्या फायलीत ठरवता येते. तिथे फक्त लोकलहोस्ट, म्हणजे तोच संगणक, असा पत्ता लिहिला की बाहेरून ती सेवा दिसतच नाही.

कोयंडा उपलब्ध होणे आणि तो लावला जाणे यांत मात्र अंतर राहिले. २०१० साली उघडकीस आलेल्या स्टक्सनेट या घातक कार्यक्रमाने पसरण्यासाठी जे मार्ग वापरले, त्यांत विंडोजच्या मुद्रणसेवेतील दोषही होता: सामायिक केलेल्या प्रिंटरकडे छपाईचे काम म्हणून पाठवलेली फाइल थेट प्रणालीच्या फोल्डरमध्ये लिहिता येत होती. त्याची सर्वाधिक लागण झालेल्या देशांत इराण आणि इंडोनेशियानंतर भारत होता. २०२१च्या जूनअखेर प्रिंटनाइटमेअर नावाचा दोष जाहीर झाला. प्रिंटर चालवणारा ड्रायव्हर बसवण्याच्या सोयीचा गैरवापर करून दूरचा माणूस संगणकाचा पूर्ण ताबा घेऊ शकत होता. मायक्रोसॉफ्टने ६ जुलैला तातडीची दुरुस्ती दिली आणि ऑगस्टपासून ड्रायव्हर बसवण्यास प्रशासकाची परवानगी आवश्यक केली. २६ सप्टेंबर २०२४ रोजी सिमोने मार्गारितेल्ली या संशोधकाने कप्स परिवारातील दोष प्रसिद्ध केले. जवळचे प्रिंटर आपोआप शोधणारा कप्स-ब्राउज्ड हा कार्यक्रम कोणाकडूनही आलेली प्रिंटरची सूचना खरी मानत होता, आणि अशा खोट्या प्रिंटरवर छपाईची आज्ञा दिली गेली की हल्लेखोराची आज्ञा संगणकावर चालत होती.

या तिन्ही घटनांत एकच सूत्र दिसते. दोष प्रत्येक वेळी सोयीच्या पोटातून निघाला, सेवा गरज नसतानाही चालू होती आणि समोरचा ओळखीचाच आहे हे जुने गृहीतक तिने सोडलेले नव्हते. माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० मधील कलम ४३ आणि ६६ अशा अनधिकृत प्रवेशासाठी भरपाई व शिक्षा ठरवतात, पण कायद्याचे काम प्रवेश झाल्यानंतर सुरू होते.

म्हणून जिल्ह्यातील लहानमोठ्या कार्यालयांनी काही गोष्टी स्वतःच कराव्यात. ज्या संगणकाला छपाई करायची नाही, त्यावरील मुद्रणसेवा बंद असावी. ज्याला फक्त स्वतःपुरते छापायचे आहे, त्याने इतरांची जोडणी स्वीकारू नये. ५१५, ६३१ आणि ९१०० हे पोर्ट कार्यालयाच्या जाळ्याबाहेर कधीही उघडे नसावेत. कप्स-ब्राउज्डची गरज नसेल तर तो बंद करावा. ड्रायव्हर बसवण्याचा अधिकार प्रशासकाकडेच राहावा, प्रिंटरचा कारखान्यातून आलेला परवलीचा शब्द बदलावा आणि दुरुस्त्या वेळेवर बसवाव्यात. यांपैकी बहुतेक गोष्टींना पैसा लागत नाही. शेतकऱ्याचा उतारा आणि ठेवीदाराचे खाते ज्या रांगेतून जाते, ती रांग सांभाळणे हा कार्यालयाच्या कर्तव्याचाच भाग मानला गेला पाहिजे.