फवारणीतला जिवाणू, बियाण्यातले जनुक: 'सेंद्रिय' शब्दाच्या व्याख्येचा इतिहास

१/ सेंद्रिय शेतकरी ज्या जिवाणूची फवारणी करतो, त्याच जिवाणूचे जनुक बीटी कपाशीत आहे. मग फवारणी मान्य आणि बियाणे वर्ज्य, असे का? या प्रश्नाचा निकाल प्रयोगशाळेत लागला नाही. तो सामान्य नागरिकांच्या पावणेतीन लाखांवर हरकतींनी लावला.

२/ सन १९०१, जपान. रेशमाच्या अळ्या पटापट मरू लागल्या. त्याचा शोध घेताना शिगेताने इशिवाता यांना एक जिवाणू सापडला. १९११ मध्ये जर्मनीत अर्न्स्ट बर्लिनर यांना तोच जिवाणू पिठातील पतंगाच्या अळीत आढळला. जर्मनीतील थुरिंगिया प्रांतावरून त्याचे नाव पडले 'बॅसिलस थुरिंजिएन्सिस', म्हणजेच बीटी.

३/ या जिवाणूत प्रथिनांचे स्फटिक असतात. अळीच्या आतड्यातील अल्कधर्मी रसात ते विरघळतात आणि आतड्याला छिद्रे पाडतात. १९३८ मध्ये फ्रान्समध्ये 'स्पोरीन' नावाने त्याचे कीटकनाशक विक्रीस आले. उन्हात ते काही दिवसांतच निष्प्रभ होते.

४/ कृत्रिम रसायने वर्ज्य मानणाऱ्या सेंद्रिय शेतकऱ्याकडे अळीवर उपाय मोजकेच. त्यांत बीटी सर्वांत भरवशाचा ठरला.

५/ १९९६ मध्ये अमेरिकेत बीटी मका आणि बीटी कपाशी शेतात आली. आता विषारी प्रथिन पीक स्वतःच आणि हंगामभर तयार करू लागले. अळ्या सतत त्याच्या संपर्कात राहिल्या, तर प्रतिकारक्षम पिढी निपजेल आणि फवारणीही वाया जाईल, ही सेंद्रिय शेतकऱ्यांची भीती होती.

६/ मात्र फवारणीही निर्दोष नव्हती. हवाई बेटांवर वारंवार बीटी फवारलेल्या शेतांत चौकोनी ठिपक्यांच्या पतंगाने प्रतिकारक्षमता मिळवल्याचे १९९० मध्येच नोंदले गेले होते.

७/ त्याच वर्षी अमेरिकेत सेंद्रिय अन्नाचा कायदा झाला. नियमांचा मसुदा आला तो १६ डिसेंबर १९९७ रोजी. त्यात जनुकीय बदल, अन्नावर किरणांचा मारा आणि सांडपाण्याच्या गाळाचे खत, या तिन्ही गोष्टींना दार उघडे ठेवले होते.

८/ सेंद्रिय शेतकरी, दुकानदार आणि ग्राहक खवळले. कृषी खात्याकडे २,७५,६०३ अभिप्राय आले. मे १९९८ मध्ये कृषिमंत्री डॅन ग्लिकमन यांनी माघार घेत तिन्ही गोष्टी वगळण्याचे जाहीर केले.

९/ अंतिम नियम डिसेंबर २००० मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात जनुकीय बदल 'वर्ज्य पद्धती' ठरला. 'पद्धती' हा शब्द महत्त्वाचा आहे. शेजारच्या शेतातून परागकण उडून आले आणि पिकात अंश सापडला, तर तेवढ्याने शेतकरी दोषी ठरत नाही. पाहिले जाते ते त्याने पीक कसे घेतले हे. सेंद्रिय शिक्का म्हणजे अन्न अधिक सुरक्षित असल्याची ग्वाही नव्हे, असेही ग्लिकमन यांनी तेव्हा स्पष्ट केले.

१०/ भारतात बीटी कपाशीला मार्च २००२ मध्ये मान्यता मिळाली. सेंद्रिय प्रमाणीकरणाच्या राष्ट्रीय नियमांनी मात्र तिला बाहेरच ठेवले. बीटीच्या ४५० ग्रॅमच्या पाकिटासोबत १२० ग्रॅम बिगर-बीटी बियाणे येई. ते कडेने पेरले, तर तेथे वाढलेले पतंग प्रतिकारक्षम पतंगांशी संकर करतील आणि प्रतिकारक्षमतेचा वेग मंदावेल, हा हेतू. बहुतेक शेतकऱ्यांनी ते पेरलेच नाही.

११/ २०१० मध्ये गुजरातेत गुलाबी बोंडअळी एक-जनुकी बीटीला बधेनाशी झाल्याचे जाहीर झाले. २०१७ मध्ये दोन जनुकांच्या कपाशीवरही महाराष्ट्रात तिने थैमान घातले. अमेरिकेत मात्र बीटी कपाशी आणि निर्बीज पतंग सोडण्याची मोहीम यांच्या जोडीने हीच अळी २०१८ पर्यंत हद्दपार झाली.

१२/ म्हणून या वादात दोन प्रश्न वेगळे ठेवावे लागतात. 'सेंद्रिय' कशाला म्हणावे, हे पिकवणाऱ्यांनी आणि खाणाऱ्यांनी मिळून ठरवले. तो त्यांचा हक्क होता. बीटी किती काळ टिकेल, हे मात्र कोणत्याही शिक्क्यावर ठरत नाही. फवारणी असो वा बियाणे, ते किती जपून वापरले जाते, यावरच ते अवलंबून आहे.