खार, रिठा आणि परटाची भट्टी

अकबराच्या दरबारातील अबुल फजलाने 'आईने-अकबरी'त वऱ्हाड सुभ्याचे वर्णन करताना लोणारचा उल्लेख केला असून, काच आणि साबण करण्यास लागणारे द्रव्य त्या परिसरात मिळते व तेथील क्षारावरील जकातीने सरकारात चांगला वसूल जमा होतो, अशी नोंद करून ठेवली आहे. उन्हाळ्यात लोणारच्या सरोवराचे पाणी ओसरले म्हणजे हाती येणारा हा खार गोळा करून, त्याची प्रतवारी लावून, डल्ला, खुप्पल, पापडी, भुसकी अशा नावांनी तो विकला जात असे. आपल्याकडील धुण्याचा इतिहास लिहावयाचा झाल्यास त्याचा आरंभ साबणाच्या वडीपासून न करता या खारापासूनच करावा लागेल.

ज्या घरी विकतचा खार येत नसे, तेथे चुलीची राख होती. राख पाण्यात कालवून रात्रभर ठेवावी आणि सकाळी वरची स्वच्छ निवळी तेवढी अलगद ओतून घ्यावी, एवढीच काय ती कृती. परंतु त्या निवळीत उतरलेला क्षार कपड्यातील तेलकट मळाशी संयोग पावून त्या मळाचाच काही अंश साबणात रूपांतरित करतो, हे रसायनशास्त्राने पुढे सांगितलेले मर्म आमच्या आजीपणजींच्या हातांना पिढ्यान् पिढ्या ठाऊक होते. शिवाय देशावरील काळ्या खडकातल्या पुष्कळ विहिरींचे पाणी जड. ज्या पाण्यात डाळ शिजत नाही त्यात साबणाला फेसही येत नाही, कारण त्यातील चुन्याशी साबणाचा संयोग होऊन चिकट साका तेवढा बनतो व तो वस्त्रावरच बसतो. खार मात्र हा चुना आधीच खाली बसवितो आणि पाणी हलके करतो.

या ज्ञानाचा खरा धनी म्हणजे गावचा परीट. बारा बलुतेदारांत त्याची गणना होई. सुगीला खळ्यावर धान्याच्या रूपाने बलुते, लग्नकार्यात पायघड्या घालण्याचा मान, असे त्याचे हक्क वंशपरंपरेने चालत. पांढरे सुती कपडे खाराच्या पाण्यात बुचकळून, पिळून, भट्टीवरील हंड्याभोवती तो रचून ठेवी आणि रात्रभर खालून येणारी वाफ धाग्याधाग्यांत मुरू देई. रंगीत वस्त्र चुकूनही त्या राशीत जात नसे. पहाटे नदीवर नेऊन दगडावर आपटणे, खळखळून काढणे आणि वाळवंटात उन्हात पसरणे, हा त्यापुढील क्रम. साऱ्या गावाचे कपडे एका भट्टीत असूनही ज्याचे त्याच्याकडे बिनचूक परत जात, ते बिब्ब्याच्या खुणेमुळे. बिब्बा टोचून त्याचा रस धोतराच्या कोपऱ्यावर ठिपक्याने लावावा आणि वर चुना चोळावा, म्हणजे उमटणारी काळी खूण भट्टीतही पुसत नाही. निरक्षर म्हणून ज्याला सारे हिणवीत, त्या माणसाने केवळ ठिपक्यांच्या मांडणीवर घरोघरची नोंद ठेवावी, ही गोष्ट मला अत्यंत आदरणीय वाटते.

धुतल्यानंतर येई ती खळ आणि नीळ. तांदळाच्या पेजेची खळ कापडाला ताठपणा तर देईच, पण मळ धाग्यात शिरू न देता आपल्यावर झेलून धरी आणि पुढच्या धुण्यात त्याच्यासह निघून जाई. सुती कापडावर काळाने चढणारा पिवळेपणा निळ्या छटेने झाकला जातो, म्हणून नीळ. पूर्वी ती झाडापासूनची असे, पुढे 1828 च्या सुमारास युरोपात लागलेल्या शोधातून आलेल्या कृत्रिम निळीने तिची जागा घेतली.

रेशीम आणि लोकर यांच्या वाटेला मात्र खार कधी जाऊ देत नसत. ही प्राणिज द्रव्ये क्षाराने झिजतात व त्यांची कांती जाते, त्यांच्यासाठी रिठा. बी काढून टाकलेली टरफले कोमट पाण्यात भिजत घालावी, कुसकरून फेस करावा, गाळून घ्यावा आणि पैठणी त्यात न चोळता नुसती खालवर करून सावलीत वाळवावी. वस्त्राची जात पाहून मळ काढण्याचे द्रव्य ठरविण्याचा हा विवेक त्या काळच्या धुण्याचा आत्मा होता.

1888 साली लिव्हर कंपनीच्या सनलाइट साबणाच्या पेट्या कलकत्त्याच्या बंदरात उतरल्या. साबणात जनावरांची चरबी असते या शंकेने अनेक घरांनी तो दूर ठेवला. 1918 च्या सुमारास मुंबईत गोदरेज यांनी वनस्पतिजन्य तेलांपासून 'चावी' साबण काढला, तेव्हा ही अडचण पुष्कळशी दूर झाली. जड पाण्याचे गाऱ्हाणे तरीही राहिलेच. चुन्याशी साका न धरणारी कृत्रिम धुण्याची पावडर 1959 मध्ये सर्फच्या रूपाने भारतात आली, तेव्हा विहिरीच्या पाण्यावर धुणाऱ्या घरांचा केवढा तरी त्रास वाचला, आणि परटाच्या भट्ट्या हळूहळू विझत गेल्या. परंतु ही पावडरही क्षारयुक्तच असल्याने रेशमाला ती मानवत नाही. म्हणूनच ज्या घरांत आजेसासूबाईंची पैठणी अजून नेसली जाते, तेथे काष्ठौषधींच्या दुकानातून पावशेर रिठे आजही आणले जातात.